बॉनेट उघडून : हायब्रिड गाडी किती वर्षं चालते?

मागच्या अंकात गाडीतल्या इन्व्हर्टरच्या (बॅटरीची वीज मोटरला लागेल तशी करून देणाऱ्या भागाच्या) कूलंटबद्दल, म्हणजे त्याला गार ठेवणाऱ्या द्रवाबद्दल, चार ओळी लिहिल्या होत्या. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रं हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेल्या गाड्यांचीच निघाली आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात भीती एकच होती, की बॅटरी गेली म्हणजे गाडी गेली. म्हणून या वेळी सगळं सदर याच विषयाला दिलं आहे. सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या गॅरेजमध्ये या गाड्या नेहमी येतात आणि त्यांचं वायरिंगचं काम मी स्वतः बघते. खाली लिहिलं आहे ते त्या अनुभवातून.

प्रश्न : ताई, मी बँकेतून निवृत्त झालो, राहायला कोथरूडला. 2023 मध्ये स्ट्राँग हायब्रिड (मोटर एकटीनेही चाकं फिरवते अशी) ग्रँड व्हिटारा घेतली. वापर कमी. मंडई, दवाखाना, महिन्यातून एकदा वाईला गावी. वर्षाला सहा-सात हजार किलोमीटर होतात. माझा भाचा सारखा मागे लागला आहे की आठ वर्षांनी बॅटरी संपणार, मग गाडीला कुणी विचारणार नाही, आत्ताच विकून मोकळे व्हा. माझं वय 66. ही माझी शेवटची गाडी असावी अशी इच्छा आहे. ती किती टिकेल, खरंखरं सांगा.

उत्तर : काका, गाडी विकू नका. भाच्याने आठ वर्षांचा आकडा वॉरंटीच्या कागदावरून उचलला आहे. तुमच्या हायब्रिड बॅटरीला 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर, यांतलं जे आधी होईल तोपर्यंत कंपनीची हमी आहे. त्या मुदतीत फार थोड्या बॅटऱ्या परत येतील असा हिशेब जमल्याशिवाय कुठलीही कंपनी एवढी मुदत लिहून देत नाही. हमी संपली की दुसऱ्या दिवसापासून दुरुस्तीचा खर्च तुमचा, एवढाच त्याचा अर्थ.

माझा अंदाज असा आहे : नीट राखलीत तर तुमची गाडी 15 वर्षं चालावी, आणि त्या काळात एकदा बॅटरी बदलावी लागेल असं धरून चला. ती कदाचित दहाव्या वर्षी मान टाकेल, कदाचित चौदाव्या. इंजिन आणि गिअरबॉक्स तोवर थकलेले नसतील, कारण तुमच्या वापराने 15 वर्षांत रनिंग जेमतेम लाखाच्या घरात जाईल.

ही बॅटरी एवढी का टिकते ते सांगते, म्हणजे भाच्यालाही सांगता येईल. तुमच्या गाडीतली लिथियम-आयन बॅटरी 177.6 व्होल्टची आहे आणि तिच्यात वीज मावते फक्त 0.76 युनिट. नेक्सॉन ईव्ही पहिल्यांदा आली तेव्हा तिची बॅटरी 30.2 युनिटची होती, यावरून कल्पना करा. तुमच्या गाडीत पेट्रोलची टाकी म्हणजे बँकेतली ठेव आणि ही बॅटरी म्हणजे दुकानाच्या गल्ल्यातले सुटे पैसे. ब्रेक दाबला की थोडे आत येतात, सिग्नल सुटला की थोडे बाहेर जातात. गाडीचा कॉम्प्युटर गल्ला पूर्ण रिकामा होऊ देत नाही आणि काठोकाठ भरूही देत नाही. टोयोटाच्या प्रिअसच्या दुसऱ्या पिढीत हा चार्ज साधारण 40 ते 80 टक्क्यांच्या मध्ये ठेवलेला असायचा. बॅटरीला सगळ्यात जास्त मार बसतो तो तळाशी नेऊन पुन्हा शंभर टक्के भरण्याचा. तो मार इथे बसत नाही.

याला जुना पुरावाही आहे. प्रिअस जपानमध्ये विकायला आली डिसेंबर 1997 मध्ये, म्हणजे या तंत्राला पाव शतक उलटून गेलं. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेने 2011 मध्ये 2002 सालची एक प्रिअस मिळवून तपासली. ती 2 लाख मैलांहून जास्त, म्हणजे सव्वातीन लाख किलोमीटरच्या पुढे धावलेली होती आणि बॅटरी मूळचीच होती. त्याच्या दहा वर्षं आधी त्यांनी जवळपास कोरी प्रिअस तपासली तेव्हा गॅलनला 40.6 मैल ॲव्हरेज मिळालं होतं. या जुन्या गाडीने दिलं 40.4. आपल्या भाषेत लिटरला 17.3 आणि 17.2 किलोमीटर. एका गाडीवरून सगळ्या गाड्यांचं भविष्य ठरत नाही, पण आठ वर्षांत भंगार म्हणणाऱ्याला एवढं उत्तर पुरेसं आहे.

मात्र त्या गाडीने पुण्याचा एप्रिल-मे सोसलेला नव्हता. बॅटरीचं आयुष्य खाते ती उष्णता. तुमच्या बॅटरीला गार ठेवण्यासाठी एक छोटा पंखा असतो आणि तो गाडीच्या आतलीच हवा ओढतो. हवा आत जाण्याची जाळी बहुतेक हायब्रिड गाड्यांत मागच्या सीटच्या खाली किंवा बाजूला असते. तुमच्या गाडीत कुठे आहे ते पुस्तिकेत चित्रासह दिलेलं असतं. आज संध्याकाळीच शोधा. त्या जाळीसमोर भाजीची पिशवी, चादर, नातवंडांची उशी असं काही ठेवू नका. मी उघडलेल्या कितीतरी गाड्यांत पंख्यावर धुळीचा आणि केसांचा नमदा बसलेला होता. मेट्रोची आणि उड्डाणपुलांची खोदाई ज्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं चालली, तिथल्या गाड्यांत जास्तच. घरात कुत्रा असेल तर विचारूच नका. ही जाळी आणि तिथली गाळणी दर सर्व्हिसिंगला साफ करून घ्या. जॉबकार्डवर स्वतःच्या हाताने ‘हायब्रिड बॅटरीचा पंखा व फिल्टर साफ करणे’ असं लिहा, कारण न लिहिलेलं काम गर्दीत राहून जातं. गाडी उन्हात तापली असेल तर निघण्याआधी सगळ्या काचा दोन मिनिटं उघड्या ठेवा, मग एसी लावा. एसीची गार हवा बॅटरीलाही मिळते, तेव्हा पेट्रोल वाचवायला भर मे महिन्यात एसी बंद करून फिरू नका.

दुसरी गोष्ट एका सवयीची. चांदणी चौकात किंवा कर्वे रस्त्यावर गाडी खोळंबली की जुन्या ड्रायव्हरचा हात आपोआप न्यूट्रलकडे जातो. हायब्रिडमध्ये न्यूट्रलला बॅटरी चार्जच होत नाही. एसी मात्र तीच बॅटरी पीत असतो. थोडं थांबायचं असेल तर डी मध्येच ब्रेकवर पाय ठेवा, बराच वेळ असेल तर पी मध्ये टाका. पी मध्ये गरज पडली की इंजिन आपणहून सुरू होऊन बॅटरी भरतं.

तुमचा वापर कमी आहे, आणि काळजी करायची तर मी बॅटरीपेक्षा त्याची करेन. मंडईपर्यंत जाऊन येण्यात इंजिन धड तापतच नाही. अर्धा रस्ता ते बंदच असतं. थंड इंजिनात पेट्रोलचा अंश आणि पाण्याची वाफ ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल खराब होतं. म्हणून किलोमीटर भरले नाहीत तरी वर्षातून एकदा ऑइल बदला, आणि पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. या इंजिनांना पातळ ऑइल लागतं; जाडं घातलं की इंजिन जास्त चालेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. वाईची महिन्याची फेरी चालू ठेवा, ती गाडीला औषधासारखी आहे.

ब्रेकचंही असंच. वेग कमी करायचं बरंचसं काम मोटर करते, त्यामुळे ब्रेकपॅड खूप टिकतात. पण कमी वापरलेल्या ब्रेकच्या डिस्कवर पावसाळ्यात गंज चढतो आणि कॅलिपरच्या पिना जाम होतात. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, चाकं काढून पिना साफ करून ग्रीस लावून घ्या.

गिअरबॉक्सबद्दल मी निर्धास्त आहे. त्यात क्लच नाही, पट्टा नाही. दातेरी चाकांचा एक संच आणि दोन मोटर. माझ्या वडिलांचं नाना पेठेतलं दुकान आयुष्यभर गाड्यांच्या सेल्फ आणि डायनॅमोवर चाललं. तुमच्या गाडीत इंजिन सुरू करणारा वेगळा सेल्फ नाही आणि वीज तयार करणारा अल्टरनेटरही नाही. नसलेली वस्तू बिघडत नाही, हा हिशेब आयुष्य मोजताना कुणी धरत नाही.

आता पैशाचं. शोरूमच्या पार्ट काउंटरवर जाऊन चेसिस नंबर द्या आणि तुमच्या बॅटरीची आजची किंमत मजुरीसह लेखी घ्या. ऐकीव आकड्यांवर झोप घालवू नका. समोर बचतीचा आकडा ठेवा. शहरात हायब्रिडला लिटरला 20 आणि साध्या पेट्रोल गाडीला 12 किलोमीटर धरले, तर वर्षाला 12 हजार किलोमीटर चालवणाऱ्याचं 400 लिटर पेट्रोल वाचतं. लिटरला 104 रुपये धरले तर वर्षाचे 41,600. तुमची बचत त्याच्या निम्मीच होईल. म्हणून इतक्या कमी वापरात हायब्रिडने फार पैसे वाचतील असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही ती घेऊन झाली आहे, आणि आता तिचा पुरेपूर वापर करणंच शहाणपणाचं. बॅटरी बदलाल तेव्हा जुनी भंगारवाल्याला देऊ नका. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत घेऊन तिची विल्हेवाट लावणं ही उत्पादकाची जबाबदारी आहे.

पंधरा वर्षांनी आरटीओतून पुन्हा नोंदणी करून घ्यावी लागेल. गाडीची तपासणी होईल, शुल्क आणि पर्यावरण कर भरावा लागेल आणि पुढची पाच वर्षं मिळतील. दिल्लीत पेट्रोल गाड्यांना 15 वर्षांनी रस्ता बंद करण्याचा जो नियम चर्चेत असतो तो पुण्याला लागू नाही.

प्रश्न : मी चिंचवडचा, टूर्सचा व्यवसाय आहे. इनोव्हा हायक्रॉस हायब्रिड मुंबई विमानतळाच्या फेऱ्यांना लावली आहे. महिन्याला पाच हजार किलोमीटर पडतात, आता 1 लाख 40 हजार झाले. 1 लाख 60 हजारच्या आत विकावी का? आणि बोरघाट उतरताना मध्येच इंजिन जोरात ओरडायला लागतं, पाय ॲक्सिलरेटरवर नसतानाही. हा बॅटरी जात असल्याचा आवाज आहे का?

उत्तर : दादा, आवाजाचं आधी, कारण त्याने तुमची झोप उडालेली दिसते. तो बिघाड नाही. खंडाळ्याहून खाली येताना मोटर ब्रेकचं काम करते आणि वीज बॅटरीत भरत राहते. घाट लांब, बॅटरी लहान, त्यामुळे अर्ध्या वाटेत ती भरते. आता आणखी वीज ठेवायला जागा नाही. तेव्हा गाडी मोटरच्या जोराने इंजिन नुसतं फिरवते, त्यात पेट्रोल जळत नाही. उताराची जास्तीची ताकद अशी जिरवली जाते आणि तुमचे ब्रेक तापत नाहीत. इंजिन ओरडलं म्हणून घाबरून न्यूट्रल करू नका, घाटात ते जिवावर बेतेल. उतारासाठी गाडीत जी सोय दिली आहे ती घाट सुरू होतानाच लावा.

विकावी का, तर बॅटरीच्या भीतीने नाही. तुमच्या गाडीत निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी आहे, 168 सेलची. प्रिअसने जगभर नाव कमावलं ते याच जातीच्या बॅटरीवर. तुमच्यासारख्या रोज धावणाऱ्या गाडीला एक फायदा असतो. तिचे किलोमीटर पटापट वाढतात, पण बॅटरीचं वय वाढत नाही. बॅटरी झिजते ती वापराने आणि वयानेही. एक लाख साठ हजार किलोमीटर तीन वर्षांत केलेली बॅटरी आणि तेच बारा वर्षांत केलेली बॅटरी, यांत मी डोळे मिटून पहिली घेईन. नीट गार राहिली तर ही गाडी तीन लाखांपर्यंत चालवायची तयारी ठेवा. त्यातच एक बॅटरी बदलण्याएवढी रक्कम दर महिन्याला वेगळी टाकत चला, म्हणजे ती वेळ आली तर धंदा थांबणार नाही. टुरिस्ट परवान्याच्या गाडीसाठी वॉरंटीच्या अटी पुस्तिकेत एकदा शांतपणे वाचून घ्या.

एक मात्र तुम्हाला लागू होतं, कोथरूडच्या काकांना नाही. एक्स्प्रेसवेवर सलग शंभरच्या वेगाने इंजिनच बहुतेक सगळं काम करतं. तुमची झीज इंजिनात, सस्पेन्शनमध्ये आणि टायरमध्ये होणार आहे. इन्व्हर्टरला स्वतःचं वेगळं कूलंट असतं, रेडिएटरच्या डबीशेजारी किंवा जवळपास त्याची दुसरी डबी दिसेल. त्याची पातळी आठवड्याला बघा. बॅटरीपेक्षा इन्व्हर्टर तापून बंद पडणं धंद्याच्या गाडीला जास्त महागात जातं, आणि ते टाळणं जवळजवळ फुकट आहे. तुमच्या प्रवाशांच्या बॅगा मागे कोंबताना बॅटरीच्या हवेची वाट अडत नाही ना, हे ड्रायव्हरला शिकवून ठेवा.

प्रश्न : वाकडला आयटीत नोकरी करते. 2014 ची कॅमरी हायब्रिड, 95 हजार किलोमीटर झालेली, चांगल्या किमतीत मिळते आहे. इतकी मोठी, शांत गाडी या पैशात दुसरी मिळणार नाही. घेऊ का?

उत्तर : घ्यायला हरकत नाही, पण बॅटरीची किंमत गाडीच्या किमतीत मिळवून मगच ‘स्वस्त’ म्हणा. दहा वर्षांहून जुनी निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी, मागच्या सीटच्या पाठीशी, 244.8 व्होल्टची. मूळचीच असेल तर ती उतरणीला लागलेली आहे असं समजून सौदा करा. बदललेली असेल तर बिल मागा. बिलावर चेसिस नंबर आणि बॅटरी पूर्ण नवी बसवली की आतले काही भागच बदलले, हे दिसलं पाहिजे.

हा फरक फार महत्त्वाचा आहे. या बॅटरीत 34 तुकडे एकापुढे एक जोडलेले असतात, प्रत्येक 7.2 व्होल्टचा. एक तुकडा कमजोर झाला की कॉम्प्युटर सगळ्या बॅटरीला नापास करतो, डॅशबोर्डवर इशारा येतो आणि स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणाऱ्या यंत्रावर) पी०ए८० हा कोड दिसतो. बाजारात तेवढा एकच तुकडा जुन्या बॅटरीतून काढून बसवून देणारे आहेत. दिवा विझतो, गाडी विकली जाते, आणि काही महिन्यांत शेजारचा तुकडा जातो, कारण बाकीचे सगळे त्याच वयाचे असतात. हे काम करणाऱ्यांचा मला राग येतो. विकणाऱ्याला त्याची किंमत मिळते आणि भुर्दंड तुमच्यासारख्या पहिल्या पगारातून गाडी घेणाऱ्याला बसतो. कधी कधी मात्र बॅटरी ठणठणीत असते आणि तुकडे जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा गंज चढलेला असतो. पट्ट्या साफ केल्या किंवा नव्या घातल्या की गाडी सुधारते. म्हणून कोड आला की लगेच ‘बॅटरी गेली’ म्हणणाऱ्याकडे काम देऊ नका. आधी उघडून दाखव म्हणा.

गाडी बघायला सकाळी जा, आणि आधी तिला कुणी सुरू केलेली नसावी. विकणाऱ्याने गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या म्हणा. मग कात्रजच्या जुन्या घाटात घेऊन जा, एसी चालू ठेवून, गाडीत चौघं बसून. चढताना आणि उतरताना बॅटरीचा काटा बघा. निरोगी बॅटरीत तो हळूहळू सरकतो. थकलेल्या बॅटरीत तो पाहता पाहता तळाला जातो आणि उतार लागला की तितक्याच घाईने वर येतो. म्हणजे साठवायची जागा आक्रसली आहे. मागून पंख्याचा मोठा आवाज येत राहिला, सिग्नलला उभं असताना इंजिन सारखं चालू-बंद झालं, तर तीही तीच खूण.

सोबत स्कॅनर असलेला जाणकार न्या. त्यात बॅटरीतल्या दोन-दोन तुकड्यांच्या प्रत्येक जोडीचं व्होल्टेज स्वतंत्र दिसतं. चढावर जोर देताना एखादी जोडी बाकीच्यांपेक्षा सतत व्होल्टभर मागे पडत असेल तर मी ती गाडी नव्या बॅटरीच्या पैशाइतकी कमी करून मागेन, नाहीतर सोडून देईन. डिकीत स्टेपनीखालचा पत्रा बघा, गालिचा उचलून वास घ्या. पुराच्या पाण्यात बसलेली हायब्रिड कितीही चकचकीत दिसली तरी घेऊ नका. कनेक्टरमध्ये शिरलेला गंज वर्षभराने बोलायला लागतो.

प्रश्न : माझी सीआझ 2016 ची, मागे एसएचव्हीएस लिहिलेलं आहे. हिलाही लाखमोलाची बॅटरी असते का? (एक वाचक, बिबवेवाडी)

उत्तर : नाही, निश्चिंत राहा. एसएचव्हीएस म्हणजे मारुतीची सौम्य हायब्रिड. तिची मोटर इंजिनाला थोडा हात देते, एकटीने चाकं फिरवत नाही. तुमच्या डिझेल गाडीत मोठ्या क्षमतेची लेड-ॲसिड बॅटरी आहे, ती कुठल्याही बॅटरीच्या दुकानात मिळते. फक्त योग्य प्रकारची घ्या, साधी स्वस्त बसवू नका. मोटर फिरवणारा पट्टा मात्र दर सर्व्हिसिंगला बघायला सांगा. गाडीचं आयुष्य साध्या डिझेल गाडीइतकंच.

प्रश्न : आमचा मुलगा अमेरिकेत असतो. त्याची होंडा सिटी हायब्रिड इथे आनंदनगरला सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी आहे. तो वर्षातून एकदा येतो. मागच्या खेपेला गाडी सुरूच होईना. शेजाऱ्यांनी सांगितलं की मोठी बॅटरी मेली, आता लाखांचा खर्च. शिवाय आमचं पार्किंग सखल आहे, पावसाळ्यात पाणी येतं. मी 70 वर्षांची, मला गाडी येत नाही. काय करावं?

उत्तर : काकू, बहुतेक लहान बॅटरी उतरली असणार. हायब्रिडमध्ये दोन बॅटऱ्या असतात. कुलपं, दिवे, कॉम्प्युटर हे सगळं साध्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. ती उतरली की कॉम्प्युटर जागा होत नाही, आणि तो जागा झाल्याशिवाय मोठ्या बॅटरीची वाट उघडतच नाही. डॅशबोर्ड मेल्यासारखा दिसतो आणि लोक घाबरतात. ही लहान बॅटरी पुण्यात तीन-चार वर्षांत बदलावी लागतेच. काही हजारांचं काम आहे. मोठ्या बॅटरीसाठी पैसे मागणाऱ्याला आधी 12 व्होल्ट मोजून दाखवायला सांगा.

पुढचं सांगते ते नात्यातल्या किंवा ओळखीच्या चालवणाऱ्याला वाचून दाखवा. आठवड्यातून एकदा ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबायचं, समोर ‘रेडी’ असा हिरवा शब्द दिसला पाहिजे. नुसते दिवे आणि रेडिओ लागून उपयोग नाही, त्याने लहान बॅटरी आणखी उतरते. रेडीवर अर्धा तास गाडी ठेवायची, उघड्या जागेत. बंद तळघरात इंजिन चालू ठेवायचं नाही. महिन्यातून एकदा तरी पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणायची, म्हणजे मोठी बॅटरी, टायर आणि ब्रेक तिन्ही बरे राहतील. नियमित चालवणारा माणूस मिळत नसेल तर मुलाशी बोला आणि गाडी विका. उभी राहून म्हातारी होणारी गाडी बघून मला खरंच वाईट वाटतं.

पाण्याचं जास्त गंभीर आहे. 25 जुलै 2024 ला खडकवासल्याच्या विसर्गाने एकता नगरीत काय झालं ते तुमच्या भागाने पाहिलंच आहे. धरणातून पाणी सोडण्याचा इशारा आला की गाडी त्याच वेळी उंचावर हलवायची, रात्रीची वाट बघायची नाही. पाणी आत शिरलंच, तर उतरल्यावर बटणाला हात लावायचा नाही, धक्का मारायचा नाही, दुसऱ्या गाडीवरून जंप स्टार्ट द्यायचा नाही. केशरी रंगाच्या जाड केबल दिसल्या तर त्यांच्यापासून लांब राहायचं, त्यांत जीव घेईल एवढा विजेचा दाब असतो. फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, आणि गाडी सपाट ट्रकवर चढवूनच न्यायला सांगा. पुढची चाकं रस्त्यावर टेकवून ओढत नेली तर चाकांबरोबर आतली मोटर फिरते आणि वीज तयार करते, जी कुठे जावी हे त्या अवस्थेत कुणाच्याच हातात नसतं.

प्रश्न : मी औंधच्या आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक शिकतो आहे. आमच्या गल्लीतल्या गॅरेजमध्ये हायब्रिड आली की मालक परत पाठवतात. दहा वर्षांनी या सगळ्या गाड्या कोण दुरुस्त करणार? मी शिकावं का, आणि सुरुवात कशी करू?

उत्तर : तुझ्या पत्राने मला फार आनंद झाला. वर मी ‘गाडी पंधरा वर्षं चालेल’ असं सांगून बसले आहे, पण ती चालेल तुझ्यासारखे हात तयार झाले तरच. आपल्याकडे ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर आल्या 2022 मध्ये, म्हणजे त्यांच्या बॅटऱ्यांची हमी संपायला लागेल 2030 पासून. नंतर लोक शोरूमबाहेर माणूस शोधू लागतील. तेव्हा तू तयार असशील.

शिक, पण या क्रमाने. पहिलं वर्ष मल्टिमीटर आणि साधं 12 व्होल्टचं वायरिंग. आमच्याकडे येणाऱ्या मुलांकडून मी व्होल्टेज ड्रॉप (वायरमध्ये किंवा जोडात किती व्होल्ट गळतात ते) मोजणं इतकं करून घेते की ते कंटाळतात. निम्म्या हायब्रिड तक्रारी तिथेच सुटतात. मग स्कॅनरवरचे आकडे वाचायला शिक, नुसते कोड पुसायला नाही. आयटीआयमध्ये आता इलेक्ट्रिक व्हेइकल मेकॅनिकचा वेगळा ट्रेड आहे, तुमच्या मास्तरांकडे त्याची चौकशी कर.

मोठ्या दाबाच्या भागाला हात लावायची वेळ येईल तेव्हा एकट्याने लावायचा नाही. किल्ली गाडीपासून लांब ठेवायची, 12 व्होल्टचं निगेटिव्ह टर्मिनल काढायचं, मग हातमोजे घालून बॅटरीचा सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीची वीज तोडणारा प्लग) काढायचा आणि तो आपल्याच खिशात ठेवायचा, म्हणजे दुसरं कुणी बसवणार नाही. त्यानंतरही निदान दहा मिनिटं थांबायचं, कारण इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असतो. बॅटरी 200 व्होल्टच्या आसपासची असली तरी काही गाड्यांत इन्व्हर्टर तो दाब 650 व्होल्टपर्यंत वाढवतो. मीटरने शून्य बघितल्याशिवाय पाना लावायचा नाही. हातातलं कडं, गळ्यातली साखळी आधीच काढून ठेवायची.

हातमोजे 1000 व्होल्टला चालणारे, क्लास झीरोचे घ्यायचे. स्वयंपाकघरातले किंवा बांधकामाचे रबरी मोजे चालत नाहीत. आणि दर वेळी घालण्याआधी मनगटाकडून गुंडाळत आणून आत हवा कोंडायची, कानाजवळ धरून दाबायचे. जराशी हवा सुटली तरी तो जोड फेकून द्यायचा. मालकाने नवीन आणायला पैसे दिले नाहीत तर त्या दिवशी ते काम करायचं नाही. मला पत्र पाठव, माझ्याकडचा एक जोड मी तुला देईन.